कोणाच्या हवाली? स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाची वाटचाल

ज्यांच्यासाठी गल्लीतल्या चार माणसांनीही अर्जावर सही केली नसती, अशांच्या खटल्यांतून स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने आपला सर्वांत कडक नियम घडवला. प्रेयसीच्या आईवडिलांच्या खुनाचा आरोपी, खलिस्तानवादी म्हणून अटकेत टाकलेला शीख, ट्युनिशियाच्या लष्करी न्यायालयाने दहशतवादी ठरवलेला तरुण, जॉर्डनचा जहाल धर्मोपदेशक. नियम एका ओळीचा आहे: जिथे छळ होण्याचा खरा धोका आहे तिथे कोणालाही पाठवायचे नाही, मग तो माणूस कसाही असो. पण धोका खरा की काल्पनिक हे ठरवताना न्यायालयापुढे बहुतेक वेळा एक कागद येतो. नेणारे सरकार त्यात लिहून देते आणि पाठवणारे सरकार तो पुढे करते: काळजी नसावी, याच्या केसालाही धक्का लागणार नाही. त्या कागदावर किती विसंबायचे, या प्रश्नाभोवतीच न्यायालयाची या विषयातली वाटचाल फिरत आली आहे.

न्यायालय ज्या करारावर उभे आहे त्यावर रोममध्ये ४ नोव्हेंबर १९५० रोजी सह्या झाल्या. आराखड्यासाठी झटणाऱ्यांत फ्रान्सचे पिएर-आंरी तेतजां होते. ते स्वतः गेस्टापोच्या हाती सापडलेले. करार ३ सप्टेंबर १९५३ पासून अमलात आला आणि न्यायालय १९५९ मध्ये बसले. करारातले तिसरे कलम इतके आटोपशीर की वकिलाला बोट शिरकवायलाही फट नाही. कोणाचाही छळ करता येणार नाही, कोणालाही अमानुष किंवा मानहानिकारक वागणूक वा शिक्षा देता येणार नाही, एवढेच. युद्ध असो की आणीबाणी, हे कलम स्थगित करता येत नाही, असे पंधरावे कलम बजावते. परक्या देशातून आलेल्याला आश्रय द्यावा, असे मात्र या करारात कुठेच म्हटलेले नाही. तो प्रांत जिनिव्हाच्या १९५१च्या निर्वासितविषयक कराराचा. त्याच्या ३३व्या कलमाने निर्वासिताला संकटाच्या तोंडी परत लोटू नये असे सांगितले खरे, पण दुसऱ्याच पोटकलमात मागचे दार उघडे ठेवले: जो देशाच्या सुरक्षेला धोका आहे त्याला हे संरक्षण मागता येत नाही. राजकीय विरोधकाला नेमके हे पोटकलम नडते. ज्याला त्याचे स्वतःचे सरकार बंडखोर म्हणते, त्याला धोकादायक ठरवणे दुसऱ्या सरकारला फारसे जड जात नाही.

त्याआधीच्या काळात अशा माणसाची कैफियत ऐकणारी जागाच नव्हती. त्याचे उदाहरण शोधायला मराठी वाचकाला दूर जावे लागत नाही. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी मार्सेलिसच्या बंदरात मोरिया बोटीतून उडी मारली, फ्रान्सची भूमी गाठली, आणि फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडून पुन्हा ब्रिटिशांच्या हवाली केले. फ्रान्समधल्या समाजवाद्यांनी गहजब केल्यावर प्रकरण हेगच्या स्थायी लवादापुढे गेले. २४ फेब्रुवारी १९११च्या निवाड्यात लवादाने मान्य केले की हवाली करण्यात अनियमितता झाली; पण म्हणून ब्रिटनने कैदी परत करावा असा नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही. निवाडा येईपर्यंत मुंबईत दोन जन्मठेपा सुनावूनही झाल्या होत्या. या खटल्यात एका बाजूला फ्रान्स होता, दुसऱ्या बाजूला ब्रिटन, आणि वाद होता सार्वभौमत्वाचा. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न होता तो पक्षकारच नव्हता.

स्ट्रासबर्गने बदलली ती ही गोष्ट. इथे एकटा माणूस सरकारविरुद्ध अर्ज करू शकतो, आणि तो त्या देशाचा नागरिक असण्याचीही अट नाही. सुरुवातीला रस्ता मात्र लांबचा होता. अर्ज आधी युरोपीय मानवी हक्क आयोगाकडे जायचा, तिथून चाळून निघालेली मोजकी प्रकरणे न्यायालयापुढे यायची. पहिला निकाल १९६० मध्ये लागला, तो आयर्लंडमध्ये खटल्याविना डांबलेल्या लॉलेस नावाच्या माणसाच्या अर्जावर. ब्रिटनने आपल्याविरुद्ध व्यक्तींचे अर्ज स्वीकारायला १९६६ मध्ये संमती दिली. पुढच्या तीस वर्षांत या संमतीचा पश्चात्ताप लंडनच्या गृहखात्याला अनेकदा झाला असणार.

पहिला जबर धक्का जिब्राल्टरमधून आला. १६ ऑगस्ट १९७२ रोजी मोरोक्कोचे राजे दुसरे हसन विमानातून मायदेशी परतत असताना त्यांच्याच हवाई दलाच्या लढाऊ विमानांनी त्यांच्यावर गोळीबार केला. राजे बचावले. कटात सामील असलेले केनित्रा तळाचे लेफ्टनंट कर्नल आमेक्रान हेलिकॉप्टरने सामुद्रधुनी ओलांडून ब्रिटिशांच्या ताब्यातल्या जिब्राल्टरला उतरले आणि त्यांनी राजकीय आश्रय मागितला. दुसऱ्याच दिवशी त्यांना मोरोक्कोच्या हवाली करण्यात आले. जानेवारी १९७३ मध्ये त्यांना गोळ्या घालून मृत्युदंड देण्यात आला. त्यांच्या पत्नीने स्ट्रासबर्गला अर्ज केला. अशा हवाली करण्यानेच तिसऱ्या कलमाचा भंग झाला, असे तिचे म्हणणे होते. आयोगाने अर्ज दाखल करून घेतला. मात्र न्यायालयापर्यंत प्रकरण गेलेच नाही. १९७४ मध्ये ब्रिटिश सरकारने कोणतीही चूक कबूल न करता ३७,५०० पौंड दिले आणि फाइल बंद झाली.

या प्रकरणाचा उल्लेख न्यायालयाच्या गौरवगाथांत क्वचित येतो, कारण त्यातून निकाल निघाला नाही. माझ्या मते पुढच्या सगळ्या घडामोडींचे बीज त्यातच आहे. एक तर राजकीय आश्रय मागणारा माणूस चोवीस तासांत परत पाठवला जाऊ शकतो, म्हणजे न्यायाला विमानापेक्षा वेगाने पोहोचावे लागेल. दुसरे म्हणजे पैसे देऊन प्रकरण मिटवता येते, माणूस परत आणता येत नाही. सामान्यतः न्यायालय घडून गेलेल्या अन्यायाचा निवाडा करते. इथे अजून न घडलेल्या आणि दुसऱ्याच देशात घडू शकणाऱ्या अन्यायाबद्दल आधीच बोलणे भाग होते, आणि तो दुसरा देश बहुधा कराराचा सभासदही नसतो.

हे धाडस न्यायालयाने ७ जुलै १९८९ रोजी केले, आणि निमित्त राजकीय विरोधकाचे मुळीच नव्हते. यन्स झ्योरिंग हा जर्मन राजनैतिक अधिकाऱ्याचा मुलगा अमेरिकेत व्हर्जिनियाच्या विद्यापीठात शिकत होता. प्रेयसीच्या आईवडिलांच्या १९८५मधील खुनाचा त्याच्यावर आरोप होता. तो इंग्लंडमध्ये चेकच्या फसवणुकीत सापडला आणि अमेरिकेने त्याचे प्रत्यार्पण मागितले. मृत्युदंड तेव्हा करारानुसार निषिद्ध नव्हता. न्यायालयाने बोट ठेवले ते मृत्युदंडाच्या कोठडीत सहा-आठ वर्षे मरणाची वाट पाहत राहण्यावर. व्हर्जिनियातल्या सरकारी वकिलाने हमी दिली होती, ती तर वाचनीयच म्हणावी: शिक्षा सुनावण्याच्या वेळी न्यायाधीशांना सांगितले जाईल की मृत्युदंड होऊ नये अशी ब्रिटनची इच्छा आहे. स्वतः तो वकील मात्र मृत्युदंडच मागणार होता. न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की ही हमी पुरेशी नाही आणि अशा स्थितीत पाठवले तर जबाबदारी ब्रिटनची. मग मृत्युदंडाचा खटलाच भरला जाणार नाही अशी पक्की हमी आली आणि झ्योरिंग १९९० मध्ये अमेरिकेला गेला. शब्द नीट लिहून घेतला तर तो पाळला जाऊ शकतो, हेही या प्रकरणात दिसले.

नियम घालून दिला म्हणून माणसे वाचली असे नाही. १९९१ मध्ये न्यायालयाने दोन निकाल असे दिले की आश्रितांचे वकील आजही त्यांचे नाव कपाळाला आठ्या घालून घेतात. पिनोशेच्या राजवटीचा विरोधक असलेल्या चिलीच्या क्रूस वारास यांना स्वीडनने आयोगाची विनंती डावलून परत पाठवले होते. न्यायालय दहा विरुद्ध नऊ मतांनी म्हणाले, अशी विनंती पाळणे सरकारवर बंधनकारक नाही. त्याच वर्षी ब्रिटनने श्रीलंकेला परत पाठवलेल्या पाच तमिळ तरुणांच्या खटल्यात, काहींना परतल्यावर मारहाण झालेली असूनही, तिसऱ्या कलमाचा भंग नाही असे ठरले. देशातली सर्वसाधारण अशांतता पुरत नाही. तुम्हालाच वेचून त्रास दिला जाईल हे दाखवा, असा तो दंडक होता. कोठडीतून रातोरात पळालेल्या माणसाने असा पुरावा आणायचा कुठून, हा प्रश्न तेव्हा टोचला तसाच आजही टोचतो.

मग आले करमजीत सिंग चहल यांचे प्रकरण, आणि त्यात हमी देणारे सरकार होते भारताचे. चहल १९७१ मध्ये ब्रिटनला गेले आणि १९७४ मध्ये त्यांना तिथे कायम राहण्याची परवानगी मिळाली. १९८४ च्या सुरुवातीला ते पंजाबात नातलगांना भेटायला आले असता जहाल शीख नेते भिंद्रनवाले यांना भेटले. मार्चमध्ये पोलिसांनी पकडले. एकवीस दिवसांच्या कोठडीत विजेचे झटके आणि मारहाण झाल्याचे त्यांनी पुढे सांगितले. ब्रिटनला परतल्यावर ते तिथल्या शीख संघटनांत सक्रिय झाले. ऑगस्ट १९९० मध्ये राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून त्यांना हद्दपार करायचे ठरले आणि बेडफर्डच्या तुरुंगात त्यांची सहा वर्षे गेली, कोणत्याही गुन्ह्याच्या शिक्षेविना.

ब्रिटनचा युक्तिवाद दुपदरी होता. पहिला असा की माणूस जितका धोकादायक, तितका छळाचा धोका सोसण्याची अपेक्षा जास्त. तराजूची दोन्ही पारडी पाहावीत. दुसरा युक्तिवाद भारताच्या शब्दाचा. भारत सरकारने कळवले होते की चहल यांना इतर कोणत्याही नागरिकाइतकेच कायद्याचे संरक्षण मिळेल. ब्रिटनने तर भारतातल्या त्यांच्या पसंतीच्या विमानतळावर उतरवण्याचीही तयारी दाखवली. १५ नोव्हेंबर १९९६ रोजी एकोणीस न्यायाधीशांच्या महाखंडपीठाने बारा विरुद्ध सात मतांनी दोन्ही मुद्दे फेटाळले. माणसाची कृत्ये कितीही घातक असोत, तिसऱ्या कलमापुढे त्यांचा हिशेब होत नाही. आणि भारत सरकारच्या सद्हेतूबद्दल शंका नाही, पण पंजाबमधील सुरक्षा दलांच्या काही लोकांचे वर्तन सरकारला आवरता आलेले नाही. या निष्कर्षासाठी जे आधार घेतले त्यांत आपल्याच राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचा अहवाल होता. आयोग स्थापन होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती आणि त्याने पोलीस दलाच्या आमूलाग्र सुधारणेची गरज मांडली होती. दिल्लीत हा निकाल परकीयांचा आगाऊपणा म्हणून वाचला गेला असेल, तर दोष स्ट्रासबर्गचा नव्हे.

सरकारचा सद्हेतू आणि ठाण्यातल्या फौजदाराचा हात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या निकालाने पहिल्यांदा स्वच्छ सांगितले. हमीपत्रावर सही करणारा अधिकारी आणि कोठडीची किल्ली बाळगणारा शिपाई यांच्यात किती पायऱ्या असतात, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको. सात न्यायाधीशांचे मत विरुद्ध गेले, तेही बेजबाबदार नव्हते. पंजाबात १९९६ पर्यंत परिस्थिती पालटली होती, असे त्यांना वाटत होते. पण नियम टिकला, आणि पुढे तो बदलू पाहणाऱ्या प्रत्येक सरकारला ‘चहल’ हे नाव घ्यावेच लागले. याच निकालाचा एक जोडपरिणाम म्हणजे ब्रिटनने १९९७ मध्ये नवे विशेष अपील न्यायाधिकरण उभे केले. तिथे गुप्त पुरावा पाहण्यासाठी खास वकील नेमला जातो, मात्र पुरावा पाहिल्यावर त्याला अशिलाशी बोलता येत नाही. औषधाने दुखणे बरे झाले की नाही, यावर लंडनचे वकील अजून भांडतात.

१ नोव्हेंबर १९९८ पासून आयोगाची जागा पूर्णवेळ न्यायालयाने घेतली. इल नदीकाठी रिचर्ड रॉजर्स यांनी बांधलेली पोलादी दंडगोलांची इमारत १९९५ पासूनच तयार होती. तिच्यात आता जगभरातून फॅक्स येऊ लागले. नियम ३९ खाली न्यायालय हंगामी आदेश देते की आमचा निकाल लागेपर्यंत या माणसाला हलवू नका. जुलै २००० मध्ये तुर्कस्तानातून परत पाठवल्या जाणाऱ्या एका इराणी स्त्रीचा निकाल लागला. परत गेली असती तर दगडांनी ठेचून मारण्याची शिक्षा समोर होती. देशात आल्यापासून पाच दिवसांत आश्रयाचा अर्ज केला नाही, या एका सबबीवर तुर्की अधिकाऱ्यांनी तिचे ऐकून घेतलेच नव्हते.

हंगामी आदेशाला दात आले ते पुन्हा तुर्कस्तानच्याच प्रकरणात, आणि यावेळी माणसे खरोखर विरोधी पक्षाची होती. उझबेकिस्तानच्या ‘एर्क’ पक्षाचे ममातकुलोव आणि अस्कारोव यांच्यावर ताश्कंदमधील फेब्रुवारी १९९९च्या स्फोटांनंतर अध्यक्ष करीमोव यांच्या हत्येच्या कटाचा आरोप ठेवला गेला. न्यायालयाने १८ मार्चला थांबायला सांगितले. तुर्कस्तानने २७ मार्चला त्यांना उझबेकिस्तानच्या हवाली केले, सोबत छळ होणार नाही असे हमीपत्र. एकाला वीस वर्षांची शिक्षा झाली, दुसऱ्याला अकरा. वकिलांना त्यांच्याशी संपर्कच साधता आला नाही. ४ फेब्रुवारी २००५ रोजी महाखंडपीठाने क्रूस वारास प्रकरणातले चौदा वर्षांपूर्वीचे मत फिरवले आणि हंगामी आदेश बंधनकारक ठरवला. छळाचा मुद्दा मात्र सिद्ध झाला नाही असेच बहुमत म्हणाले; हमीपत्र आणि उझबेक तुरुंगातल्या डॉक्टरांचे अहवाल त्यांनी ग्राह्य धरले. हे डॉक्टर ज्या सरकारचे नोकर होते त्याच सरकारवर आरोप होता. न्यायालयाचा हा निकाल मला अर्धाच पटतो.

मधल्या काळात हमीपत्रांचा बाजार तेजीत आला होता. १८ डिसेंबर २००१ च्या रात्री स्टॉकहोमच्या ब्रोमा विमानतळावरून स्वीडनने दोन इजिप्शियन आश्रितांना पाठवून दिले. डोक्यावर टोप्या ओढलेल्या, कपडे कापून काढलेले, विमान अमेरिकन गुप्तहेर खात्याचे. इजिप्तने लेखी हमी दिली होती. स्वीडनचा राजदूत कैद्यांना पहिल्यांदा भेटला तो पाच आठवड्यांनी. या प्रकरणाचा निवाडा स्ट्रासबर्गने नव्हे, जिनिव्हातील संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीने केला. तिने मे २००५ मध्ये स्वीडनला दोषी धरले. पण स्ट्रासबर्गचे न्यायाधीश वाचत होतेच. त्याच वर्षी ब्रिटनने जॉर्डन, लिबिया आणि लेबनॉन यांच्याशी सरसकट सामंजस्य करार केले: तुम्ही नीट वागवा, आम्ही पाठवत जातो. गद्दाफींच्या लिबियाचा शब्द तर ब्रिटनच्या स्वतःच्या न्यायालयांनीच मानला नाही.

चहलचा नियम मोडून काढण्याचा मोठा प्रयत्न इटलीच्या खटल्यात झाला. नसीम सादी या ट्युनिशियन तरुणाला मिलानच्या न्यायालयाने शिक्षा दिली आणि दोनच दिवसांनी ट्युनिसच्या लष्करी न्यायालयाने गैरहजेरीत वीस वर्षे ठोठावली. इटलीने ट्युनिशियाला विचारले, छळ होणार नाही ना? उत्तर आले की आमच्याकडे कैद्यांच्या हक्कांचे कायदे आहेत आणि आम्ही आंतरराष्ट्रीय करारांवर सह्या केल्या आहेत. खटल्यात ब्रिटन स्वतःहून मध्ये पडला आणि पुन्हा तो तराजू पुढे केला. २८ फेब्रुवारी २००८ रोजी सतरा न्यायाधीशांनी एकमताने नकार दिला. समाजाला असलेला धोका मोठा म्हणून त्या माणसाचा छळ होण्याची शक्यता कमी होत नाही. आणि कायदा पुस्तकात आहे एवढ्याने कोठडीतले वास्तव बदलत नाही. चहलला बारा विरुद्ध सात, इथे सतरा विरुद्ध शून्य. इटलीने मात्र त्याच वर्षी आणि नंतरही आणखी ट्युनिशियनांना हंगामी आदेश धुडकावून विमानात बसवले.

एवढे झाल्यावर न्यायालय हमीपत्राला केराची टोपली दाखवेल असे वाटत होते. तसे झाले नाही. जानेवारी २०१२ मध्ये अबू कतादा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ओमर ओथमान यांच्या प्रकरणात न्यायालयाने जॉर्डनचा करार स्वीकारला, पण तो अकरा कसोट्यांना लावून. हमी मोघम आहे की नेमकी? देणाऱ्याला ती स्थानिक अधिकाऱ्यांवर लादता येते का? पूर्वी शब्द पाळल्याचा इतिहास आहे का? कैद्याला कोणी स्वतंत्रपणे, एकांतात भेटू शकेल का? या कसोट्यांवर जॉर्डन उतरला. तरीही पाठवणी थांबली, ती वेगळ्या कारणाने: खटल्यातला पुरावा इतरांचा छळ करून मिळवलेला होता आणि तो वापरला जाणार होता. ब्रिटिश वृत्तपत्रांनी आकाशपाताळ एक केले, मंत्र्यांनी करारातून बाहेर पडण्याची भाषा केली. अखेर जॉर्डनशी नवा तह झाला, असा पुरावा वगळण्याची तरतूद झाली आणि जुलै २०१३ मध्ये ओथमान गेले. २०१४ मध्ये जॉर्डनच्याच न्यायालयाने त्यांना दोन्ही खटल्यांत निर्दोष सोडले. वर्षानुवर्षे ज्या पुराव्यासाठी भांडण चालले होते तो काढून टाकल्यावर मागे काही उरलेच नाही.

न्यायालयापुढे न येताच माणूस पळवण्याची रीतही याच काळात रुजली. ताजिकिस्तानच्या लोकशाही पक्षाचे नेते महमदरूझी इस्कंदारोव मॉस्कोजवळ राहत होते. रशियाने त्यांचे प्रत्यार्पण नाकारून एप्रिल २००५ मध्ये त्यांना सोडले आणि काही दिवसांतच रस्त्यावरून उचलून, डोळे बांधून, दुशान्बेच्या विमानात चढवले. तिथे तेवीस वर्षांची शिक्षा झाली. रशियन सरकारने आपला काही संबंध नाही असे सांगितले. पासपोर्ट आणि सीमा-तपासणीविना माणूस देशाबाहेर कसा गेला, याचे उत्तर मात्र दिले नाही. सप्टेंबर २०१० मध्ये न्यायालयाने रशियाला जबाबदार धरले. सप्टेंबर २०१८ मध्ये माल्दोव्हात तुर्की शाळांतल्या शिक्षकांना सकाळी घरातून, रस्त्यातून उचलून त्याच दिवशी तुर्कस्तानला धाडण्यात आले. न्यायालयाने जून २०१९ मध्ये अर्जदार पाच जणांना प्रत्येकी २५,००० युरो द्यायला लावले. आमेक्रान यांच्या पत्नीला मिळालेल्या पैशांची आठवण होतेच.

या सगळ्यात मुंबईचा संबंध येतो तो आर्थर रोड तुरुंगामुळे. युरोपात पकडलेल्या आरोपीला भारतात पाठवताना तिथल्या न्यायालयांना हेच तिसरे कलम लावावे लागते, म्हणून लंडनच्या वेस्टमिन्स्टर न्यायालयात २०१८ मध्ये विजय मल्ल्यांच्या प्रकरणी बराक क्रमांक १२ मध्ये दिवसाचा उजेड येतो का, हे दाखवणारा व्हिडिओ मागवला गेला. बराक पसंत पडली. नीरव मोदींच्या वेळीही तीच बराक पुढे केली गेली. हे कोणी राजकीय विरोधक नव्हेत, हे उघडच आहे. पण कसोटी तीच. पोर्तुगालकडून अबू सालेमला आणताना २००२ मध्ये भारताने फाशी आणि पंचवीस वर्षांहून अधिक कैद नाही, असा शब्द दिला होता, आणि जुलै २०२२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो सरकारवर बंधनकारक मानला. दुसरीकडे पुरुलिया शस्त्रप्रकरणातल्या डॅनिश आरोपीला डेन्मार्कच्या न्यायालयांनी २०११ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये पाठवू दिले नाही, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने तिहारमधील धोक्यामुळे शस्त्रदलाल संजय भंडारी यांचे प्रत्यार्पण रोखले. छळविरोधी जागतिक करारावर भारताने १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली, मंजुरी अजून दिलेली नाही. लोकसभेने २०१० मध्ये मंजूर केलेले विधेयक राज्यसभेत अडकून बाद झाले. २०१७ मध्ये विधी आयोगाने मंजुरीची शिफारस केली, सोबत नव्या कायद्याचा मसुदाही जोडला आणि या उणिवेपायी प्रत्यार्पणे अडतात हेही नोंदवले. त्यावर काही झाले नाही. प्रत्येक खटल्याला नवे हमीपत्र, नवा व्हिडिओ.

न्यायालयाच्या बाबतीत मोठेपणाची भाषा करताना एक गोष्ट विसरली जाते. पाठवू नका एवढेच ते सांगते. राहू द्या, काम करू द्या, कागदपत्रे द्या असे म्हणण्याचा अधिकार या कलमात नाही. त्यामुळे अनेकजण वर्षानुवर्षे अधांतरी राहतात: परत जाता येत नाही, धड राहताही येत नाही. २०११ च्या अखेरीस न्यायालयापुढे दीड लाखाहून अधिक अर्ज तुंबले होते, हे लक्षात घेतले तर अधांतरी राहण्याचा काळ किती लांबू शकतो याची कल्पना येईल.

सरकारांची चुळबुळ आता उघड झाली आहे. १४ जून २०२२ च्या रात्री ब्रिटनचे रवांडाला निघालेले विमान हंगामी आदेशामुळे धावपट्टीवरच राहिले, आणि पुढच्या वर्षी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने आश्रय मागणाऱ्यांना तिथे धाडण्याची योजनाच बेकायदा ठरवली. मे २०२५ मध्ये इटली आणि डेन्मार्कच्या पुढाकाराने नऊ देशांनी जाहीर पत्र लिहून तक्रार केली की गुन्हेगार परदेशी नागरिकांना बाहेर घालवण्याचे आपले स्वातंत्र्य न्यायालयाने आवळले आहे. इटली, जिने सादीच्या निकालानंतरही विमाने सोडली होती, तिचे नाव पत्राच्या शेंड्यावर असावे यात नवल नाही.

पत्राच्या गदारोळात एका देशाची रिकामी खुर्ची कोणाच्या ध्यानात आली नाही. युक्रेनवरील आक्रमणानंतर मार्च २०२२ मध्ये रशियाला, हा करार ज्या संघटनेचा आहे त्या युरोप परिषदेतून, काढण्यात आले आणि १६ सप्टेंबर २०२२ पासून करार त्याला लागू राहिला नाही. ते योग्यच होते असे मी मानतो. पण ताजिक, उझबेक विरोधकांची मोठी वस्ती मॉस्को आणि आसपासच आहे, आणि इस्कंदारोव यांच्यासारखे उचलून नेण्याचे खटले सर्वाधिक तिथूनच येत. त्या तारखेनंतर उचललेल्या माणसासाठी मॉस्कोतल्या वकिलाने स्ट्रासबर्गला फॅक्स केला, तर नियम ३९ खालचा आदेश काढायला न्यायालयाकडे अधिकारच उरलेला नाही.